केसभर खाली

दिवाळीत लहान मुलांच्या पिस्तुलात घालायच्या टिकल्या आपण सर्वांनीच फोडल्या आहेत. पिस्तूल नसले तर दगडावर टिकली ठेवायची आणि वरून दुसरा दगड आपटायचा. टिकली दोन दगडांच्या मध्ये नीट सापडली तर खणखणीत आवाज होतो. दगड तिरपा पडला किंवा टिकली थोडी सरकली, तर नुसता धूर निघतो, कधी तोही नाही. टिकली त्याच डबीतली, मारणारा हातही तोच. फरक पडतो तो ती कशी बसली होती यामुळे.

श्रोतेहो, आज मला या टिकलीच्या थोरल्या भावंडाविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव प्रायमर. काडतुसाच्या बुडाशी मधोमध जी छोटीशी चकचकीत टोपी दिसते, ती म्हणजे प्रायमर.

मी कविता लिहिणारा माणूस. बंदूक मी आयुष्यात कधी चालवलेली नाही आणि आता या वयात चालवण्याची इच्छाही नाही. या विषयाशी माझी गाठ पडली ती माझ्या भाच्यामुळे. धाकट्या बहिणीचा हा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरी करतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा त्याला छंद आहे. 2023 च्या उन्हाळ्यात मी बहिणीबरोबर त्याच्याकडे सहा आठवडे राहिलो. त्याच्या तळघरात एक टेबल आहे. तिथे बसून तो आपली काडतुसे स्वतः भरतो. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून तिच्यात नवा प्रायमर, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवतो. बहिणीला मात्र याची मोठी अडचण. ती मला म्हणाली, “भाईजान, पोराच्या घरात दारू आहे, हे मी मिरजेत कुणाला सांगू तरी कसं?”

अमेरिकेत हा छंद जुना आहे, रुळलेला आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे. त्यामुळे हे भाषण म्हणजे काही पाककृती नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मला त्या तळघरात जे दिसले ते तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

दुकानात काडतुसे तयार मिळत असताना घरी भरायची कशाला, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “मामू, मला जोरदार गोळी नकोय. मला सारखी गोळी हवीय.” या ‘सारखी’ शब्दातच सगळे आले.

तो ज्या प्रकारात भाग घेतो त्याला एफ-क्लास म्हणतात. जॉर्ज फार्क्वारसन या कॅनेडियन नेमबाजाच्या आडनावाचे ‘एफ’ हे पहिले अक्षर. पालथे झोपून, रायफलीला पुढे टेकू देऊन, दुर्बिणीतून नेम धरायचा. अंतर बहुतेक वेळा 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर. इतक्या लांबच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10 इंचांचे. त्याच्या आत आणखी एक 5 इंचांचे वर्तुळ असते. बरोबरी झाली की कुणाच्या जास्त गोळ्या या आतल्या वर्तुळात लागल्या ते पाहतात. भाच्याच्या रायफलीची .308 मापाची गोळी हे अंतर कापायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात वारा तिला ढकलतो आणि पृथ्वी तिला खाली ओढते.

वाऱ्याची चूक आडवी दिसते. गोळी डावीकडे किंवा उजवीकडे जाते. ती चूक नेमबाजाची. त्याला वारा वाचता आला नाही. वेगाची चूक मात्र उभी दिसते. गोळी थोडी हळू निघाली की खाली लागते, जोरात निघाली की वर. एरवी सेकंदाला 2600 फुटांच्या आसपास निघणारी गोळी फक्त 10 फुटांनी हळू निघाली, तर 1000 यार्डांवर ती तीन इंचांच्या आसपास खाली लागते. 100 यार्डांवर हाच फरक नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. दहा इंचांच्या वर्तुळात तीन इंच म्हणजे किती, हे मी सांगायला नको. नेमबाजाने नेम अचूक धरला, श्वास आवरला, घोडा हळुवार दाबला, तरीही गुण गेला. कारण चूक त्या दिवशीची नव्हतीच; ती आठवड्यापूर्वी तळघरातल्या टेबलावर झाली होती.

वेगातला हा फरक येतो कुठून? कारणे अनेक आहेत. दारूचे वजन, पुंगळीचे आकारमान, तिच्या तोंडाची गोळीवरची पकड, ही त्यातली मोठी. पण दारू पेटते कशी, हेही त्यात आहे. आणि तिथे आपला प्रायमर येतो.

प्रायमर म्हणजे एक छोटीशी वाटी. मोठ्या रायफलीच्या प्रायमरचा व्यास सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. वाटीच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा पातळ थर. त्याचे वजन एका ग्रेनपेक्षाही कमी. ग्रेन हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आले आहे आणि एक ग्रेन म्हणजे जवळपास 65 मिलिग्रॅम. या थरावर एक चिमुकली ऐरण बसवलेली असते, दोन किंवा तीन पायांची. लोहाराची ऐरण जे काम करते तेच हिचे काम. रायफलीची फायरिंग पिन वाटीवर बाहेरून आपटते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडते, ठिणगी उडते आणि पुंगळीच्या बुडातल्या छिद्रातून ज्वाळा आत जाऊन दारू पेटवते.

या युक्तीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. तिची सुरुवात एका धर्मगुरूने केली. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ हा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. तेव्हाच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भडकायची, मग आतली. तो पहिला भडका पाहूनच पक्षी उडून किंवा बुडी मारून निसटायचे. आघाताने पेटणारे स्फोटक वापरून हा विलंब टाळायचा, ही कल्पना त्याची. 1807 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली, टोपीची बंदूक आली. काडतूस म्हटले की आपल्याला 1857 आठवते. ज्या काडतुसावरच्या चरबीने हिंदू आणि मुसलमान शिपाई सारखेच दुखावले गेले, ते एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. पेटवणारी टोपी त्यात नव्हती. ती शिपायाला वेगळी लावावी लागे.

टोपी पितळी पुंगळीच्या बुडातच बसवण्याचे दोन चांगले मार्ग 1866 मध्ये पुढे आले. एक इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांचा, दुसरा अमेरिकेच्या हायरम बर्डन यांचा. बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रे बहुधा दोन. बॉक्सर यांनी ऐरण टोपीच्याच आत बसवली आणि मधोमध एकच छिद्र ठेवले. त्यामुळे वापरलेली टोपी आतून एका सळीने सहज ढकलून काढता येते. गंमत अशी, की युरोपात प्रामुख्याने अमेरिकन माणसाची रचना गेली आणि अमेरिकेत इंग्रजाची रुजली. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत इतका फोफावला, त्यात या मधल्या एका छिद्राचा वाटा मोठा आहे. आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो याच काळात, 1869 मध्ये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रायमर बसवायचा म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या गोल खळगीत तो दाबायचा. यात अवघड काय, असे मलाही वाटले होते. भाच्याने हातात धरायचे एक अवजार दाखवले, अंगठ्याने दाबायच्या लिव्हरचे. लिव्हर दाबली की प्रायमर आधी कडेला घासत आत सरकतो. मग एकदम अडतो. ऐरणीचे पाय खळगीच्या तळाला टेकलेले असतात. इथे थांबायचे नाही. आणखी किंचित दाब द्यायचा. ऐरण आता पुढे सरकू शकत नाही, वाटी मात्र सरकते. त्यामुळे मिश्रणाचा थर दोघांच्या मध्ये जरासा आवळला जातो. तो असा आवळलेला असला की पिनचा पूर्ण जोर ठिणगी पाडण्याच्या कामी येतो.

प्रायमर तळाला टेकलाच नाही तर काय होते? पिनचा घाव आधी त्याला आत ढकलण्यात खर्च होतो. कधी काडतूस पेटतच नाही, कधी उशिरा पेटते, आणि पेटले तरी प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने. उलट, फार जोराने दाबला तर मिश्रणाची वडी तडकते, भुगा होतो, आणि पेटण्याची खात्री पुन्हा कमी होते. सैल चालत नाही आणि घट्टही चालत नाही. म्हणून सर्वसाधारण दंडक असा, की बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच हजारांश इंच खाली असावा. आपल्याकडे लेथवर काम करणारे कारागीर हजारांशाला ‘थाऊ’ म्हणतात. तीन थाऊ म्हणजे माणसाच्या केसाची जाडी. मराठीत आपण ‘केसभर’ म्हणतो तो अलंकार म्हणून. इथे ते अक्षरशः माप आहे.

पण हे माप फसवेही आहे. पुंगळ्यांच्या खळग्या सगळ्या एकाच खोलीच्या नसतात. कारखान्यालाही काही थाऊंची सूट असते. प्रायमरची उंचीही थोडी कमीजास्त असते. त्यामुळे बाहेरून पाहता दोन प्रायमर सारखेच चार थाऊ खाली असतील, पण आत एकाचा थर बेताने आवळलेला असेल आणि दुसऱ्याची ऐरण तळाला टेकलेलीही नसेल. बाहेरचा सारखेपणा म्हणजे आतला सारखेपणा नव्हे. म्हणून जाणकार आधी प्रत्येक खळगी एका कातण्याच्या अवजाराने सारख्या खोलीची आणि सपाट तळाची करून घेतात. मागच्या बाराची काजळी तळाशी राहिली तर ऐरण त्या काजळीवर टेकते, म्हणून ती खरवडतात. आणि मग दाबताना हाताकडे लक्ष देतात. एखादा प्रायमर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, तर समजायचे की वारंवार वापरून ती खळगी सैल झाली आहे. तिथून वायू गळू शकतो. अशी पुंगळी भाचा लगेच बाजूला काढतो.

“हे कळतं कसं?” मी विचारले. तो म्हणाला, “हाताला विचारायचं, मामू. पण हाताचं सगळंच खरं मानायचं नाही.”

याचा पहिला अर्धा भाग मला लगेच कळला. मी मिरजेचा. सतार-तंबोऱ्यांच्या गावचा. तंबोऱ्याची जवारी काढताना मी कारागिरांना पाहिले आहे. घोडीचा पृष्ठभाग कानसेने एवढासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा एवढासा घासायचा. एक हात जास्त फिरला की सूर बसला म्हणून समजा. किती घासायचे हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसते. ते बोटांना माहीत असते. गझल लिहिणाऱ्यालाही हा अनुभव आहे. एका शेरात मात्रा घसरली तर वाचणारा मोजत बसत नाही, पण त्याला खडा लागतो.

दुसरा अर्धा भाग कळायला मात्र वेळ लागला. जवारी काढणाऱ्याच्या हाताला साक्ष देणारा कान लगेच हजर असतो. घासले, छेडले, ऐकले. प्रायमर बसवणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या हाताने आज काय केले, याचे उत्तर त्याला आठवड्याने मैदानावर मिळते, आणि तेही वारा, ऊन, दारू, नळीची उष्णता या सगळ्यांत मिसळून. मग हाताचा अंदाज खरा होता की नुसता समज, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी वेग मोजणारे यंत्र असते. नेमबाज एका पद्धतीने भरलेल्या पाच गोळ्या झाडतो, दुसऱ्या पद्धतीने भरलेल्या पाच झाडतो, आणि ज्यात वेगाचा फरक कमी ती पद्धत खरी मानतो. भाचा म्हणाला की बहुतेक जण इथेच फसतात. संख्याशास्त्र सांगते की पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन सेकंदाला 10 फूट आले, तर खरे विचलन 6 फुटांपासून जवळपास 29 फुटांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे एका पद्धतीचे 8 आणि दुसरीचे 14 आले, तरी पाच-पाच गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. तीस गोळ्या झाडल्या, तर तेच 10 हे उत्तर साधारण 8 ते साडेतेराच्या मध्ये येते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, पुरेशा गोळ्या झाडायच्या आणि वहीत लिहून ठेवायचे.

हे सगळे करणाऱ्या नेमबाजांतही एकमत नाही, हे मला फार आवडले. काही जण म्हणतात, खोली मोजा. काही म्हणतात, दाब मोजा. काहींच्या मते प्रायमर तळाला नीट टेकला एवढे पुरे, बाकीचा वेळ वारा वाचायला शिकण्यात घालवा. भाच्याचा कल या तिसऱ्या मताकडे झुकतो, पण तरीही तो प्रत्येक प्रायमर तितक्याच काळजीने बसवतो. मी कारण विचारले, तर म्हणाला, “गोळी खाली लागली की मला शंका नको. चूक माझ्या वाऱ्याच्या अंदाजाची आहे, हे मला ठामपणे कळलं पाहिजे.” मला वाटते, सारखेपणाचा खरा उपयोग हा आहे. त्याने यश मिळेलच असे नाही, पण आपली चूक नेमकी कुठे आहे ते दिसते. टेबलावरची कामे रोज वेगवेगळ्या तऱ्हेने करणारा माणूस मैदानावर कधीच काही शिकू शकत नाही, कारण दोष कशाला द्यायचा हेच त्याला समजत नाही.

आपल्याकडच्या नेमबाजीशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, हे दोघे .22 मापाच्या रायफलीने खेळले. त्या छोट्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते. ते घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणून या प्रकारातले नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि ज्या खेपेच्या गोळ्या सर्वात जवळजवळ लागतात ती साठवून ठेवतात. 50 मीटरवर त्यांचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचे असते. मार्ग वेगळा, पण शोध त्याच सारखेपणाचा.

या टेबलावर धोका आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रायमर हा काडतुसाचा सर्वात लहान, पण सर्वात चिडका भाग. कारखान्यात हे मिश्रण ओले असतानाच वाट्यांत भरतात, कारण ओलेपणी ते बरेच शांत असते. सुकल्यावर नाही. भाचा प्रायमर कारखान्याच्या मूळ खोक्यातच ठेवतो. त्यात प्रत्येकाला वेगळा कप्पा असतो. बाटलीत किंवा डबीत ओतून ठेवले तर एक पेटला की सगळे एकदम उडू शकतात. 2020 नंतर अमेरिकेत दोनेक वर्षे प्रायमरचा मोठा तुटवडा होता. तेव्हाही सुटे, उघडे प्रायमर त्याने कुणाकडून घेतले नाहीत. काम करताना डोळ्यांना चष्मा असतो. अडलेल्या प्रायमरवर तो जोर करत नाही. मिश्रणात शिशाचे संयुग असते, म्हणून काम संपले की साबणाने हात धुतल्याशिवाय तो जेवायला बसत नाही. आणि मन थाऱ्यावर नसेल, फोन चालू असेल, तर तो टेबलावर बसतच नाही.

काडतुसे भरून झाली की सर्वात शेवटचे काम तो करतो त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. प्रत्येक काडतूस हातात घेतो आणि तर्जनी त्याच्या बुडावरून फिरवतो. प्रायमर केसभर खाली असेल तर बोटाला हलकासा खड्डा लागतो. तो वर राहिला असेल तर बोट अडखळते. वर राहिलेला प्रायमर आपोआप भरणाऱ्या रायफलीत तर नुसत्या बोल्टच्या धडकेनेही, नीट बंद होण्याआधीच, उडू शकतो. भाच्याची रायफल हाताने बोल्ट ओढायची आहे, तरी तो ही तपासणी कधी चुकवत नाही. मैदानावरच्या एका फेरीत 20 गोळ्या मोजल्या जातात. त्या वीसही काडतुसांवरून, शिवाय नेम जुळवण्यासाठी घेतलेल्या चार-सहांवरून, त्याचे बोट फिरलेले असते. मापाची खात्री मापाने करून झाली, हिशेब वहीत लिहून झाला, तरी शेवटची जबाबदारी तो बोटावरच ठेवतो. बोट अडखळले, तर ते काडतूस मैदानावर जात नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)